मशीन लावलं तरी लाथा थांबत नाहीत, मग?

पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरात, कसबा बावड्यात राहते. आमचे हे ५३ वर्षांचे. तरुणपणी तालमीत होते, जत्रेजत्रेत कुस्त्या केल्या. आता मार्केट यार्डातून गुळाचा टेंपो घेऊन आंबा घाटातून रत्नागिरीला जातात. घोरणं लग्नापासूनचंच आहे, पण गेली काही वर्षं झोपेत श्वास मध्येच थांबतो, मग एकदम घर्रकन सुटतो. पाय तर असे झाडतात की मला लाथ बसते. दिवाळीनंतर दवाखान्यात रात्रभर तारा लावून तपासणी झाली. श्वास अडकण्याचा आकडा तासाला ३८ आणि पाय हलण्याचा तासाला २७ आला. झोपेत मास्कमधून हवा देणारं सीपॅपचं मशीन घेतलं, महिनाभर लावतायत. घोरणं बंद झालं, पण पाय चालूच आहेत. "पैसे पाण्यात गेले," असं हे म्हणतात आणि पहाटे तीनला मास्क काढून टाकतात. सासूबाई म्हणतात, अंगात ताकद राहिली नाही म्हणून पाय झाडतो. जाऊबाईंनी झोपेची गोळी सुचवली आहे. मी आता मुलीच्या खोलीत झोपते, त्याचं मनाला लागतं. तशी झोप मलाही कुठं लागते? संध्याकाळी जरा टेकलं की पोटऱ्यांत वळवळायला लागतं, उठून चार फेऱ्या मारल्याशिवाय चैन पडत नाही. पण माझं राहू दे. यांच्यासाठी काय करू ते सांगा.

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या यजमानांचे पैसे पाण्यात गेलेले नाहीत. मशीन ज्या कामासाठी घेतलं ते काम ते करतंय, म्हणून तर घोरणं थांबलं. पायांचं दुखणं वेगळं आहे. एकाच माणसाला, एकाच रात्री दोन्ही होतंय, त्यामुळे घरात सगळ्यांनी ते एकच धरलं. तुमच्या स्वतःच्या पायांबद्दल तुम्ही दोन ओळी लिहून "राहू दे" म्हणालात. ते मी राहू देणार नाही. पण आधी यजमानांचं बघू.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्याची मान जाड आणि घशाभोवती चरबी जास्त, त्याची श्वासाची वाट मग इतकी अरुंद होते की श्वास आत ओढतानाच ती मिटते, शहाळ्यातली कागदी नळी भिजली की ओढताना चिकटते तशी. छाती आणि पोट जोर लावत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मग मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, घर्रकन श्वास सुटतो आणि पुन्हा झोप लागते. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ असं झालं की तो एक प्रसंग मोजतात. तासाला पाचपेक्षा कमी असतील तर काळजी नाही, तीसच्या वर गेले की आजार तीव्र समजायचा. ३८ म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एकदा. वर्षानुवर्षं रात्री असं चाललं की रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो आणि दिवसा बसल्या जागी पेंग येते.

पैलवानकी केलेल्यांना हे सांगावंच लागतं, आणि कोल्हापुरात तर जास्तच. पुरुषाच्या मानेचा घेर १७ इंचांच्या वर असेल तर या आजाराची शक्यता वाढते. तालमीत मान कमावलेली असते. पुढं जोर-बैठका सुटतात आणि दूध-तुपाचा खुराक सुटत नाही. मग त्याच मानेवर चरबी चढते. यजमानांची मान एकदा टेपने मोजा. वजनाचंही थोडं बघायला हवं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, वजन दहा टक्के उतरलं तर श्वास अडकण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने कमी होतं असं दिसलं होतं. म्हणजे शंभर किलोच्या माणसाने दहा किलो उतरवले तर फरक नक्की पडेल, पण ३८ चे पाच होणार नाहीत. तोवर मशीन लागणारच.

या मशीनची कल्पना १९८१ साली सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी मांडली. ते हवेच्या हलक्या दाबाने घसा उघडा ठेवतं, बाकी काही करत नाही. त्याला पाय दिसतसुद्धा नाहीत. सकाळी पडद्यावर जो आकडा येतो तो श्वासाचा असतो. रात्री पाय किती झाडले याची त्यात कसलीच नोंद नसते.

आता पाय. यजमानांच्या पायांच्या दोन कहाण्या असू शकतात आणि त्यातली खरी कोणती हे तुम्ही घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखू शकता.

पहिली शक्यता अशी की लाथ ही अडकलेल्या श्वासाचीच शेपटी आहे. श्वास सुटताना मेंदू दचकून जागा होतो आणि त्याच झटक्यात पाय उडतो. अशा लाथा मशीन नीट लागलं की कमी होतात. दुसरी शक्यता म्हणजे पायांची स्वतंत्र हालचाल. यात अंगठा वर उचलला जातो, घोटा वाकतो, कधी गुडघाही वाकतो. साधारण दर वीस ते चाळीस सेकंदांनी, घड्याळ लावल्यासारखं हे होत राहतं, आणि त्या वेळी श्वास अगदी शांत असतो.

म्हणून एक काम करा. एका रात्री, ते झोपल्यावर तासाभराने, मशीन चालू असताना मोबाईलवर दहा-पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. पांघरूण पावलांवरून बाजूला करा. पाय आणि छाती दोन्ही दिसली पाहिजेत आणि आवाजही आला पाहिजे. मग बघा, लाथेच्या आधी शांतता आणि मग घर्र असा आवाज आहे का? असेल तर मास्कमधून हवा गळतेय किंवा दाब कमी पडतोय, मशीनकडे लक्ष द्यायला हवं. श्वास एकसारखा चालू आहे आणि पाय मात्र ठरावीक अंतराने उचलला जातोय, असं असेल तर ती दुसरी गोष्ट. हे रेकॉर्डिंग डॉक्टरांना दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा त्यांना त्यातून पुष्कळ कळेल.

रिपोर्टही पुन्हा काढा. मोठ्या माणसांत तासाला १५ पेक्षा जास्त हालचाली म्हणजे जास्त, तेव्हा २७ हा आकडा जास्तच आहे. पण त्या आकड्यावरून औषध ठरत नाही. त्याच पानावर आणखी एक आकडा असतो, या हालचालींमुळे झोप किती वेळा मोडली याचा. डॉक्टरांना तो मुद्दाम विचारा. पाय २७ वेळा हलले आणि झोप दोन-चार वेळाच चाळवली, तर औषध द्यायची घाई कुणी करू नये. पुष्कळ लोकांचे पाय रात्रभर हलतात आणि त्यांना सकाळी अगदी ताजंतवानं वाटतं. मशीन तीनेक महिने रोज नीट लावूनही दिवसा पेंग येत राहिली, तर मग पायांवर उपचार करायचे. काही जणांत श्वास सुरळीत झाल्यावर पायांची हालचाल उलट जास्त ठळकपणे दिसू लागते. ती मशीनने आणलेली नसते.

सासूबाईंना एवढंच सांगा की हा अशक्तपणा नाही. पण लोह, साखर आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या, कारण या तिन्हींचा पायांशी संबंध असतो. यजमान सर्दीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळी आणून घेतात का, हेही बघा. झोप आणणाऱ्या सर्दीच्या जुन्या गोळ्या, उलटीवरची काही औषधं आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या पायांची वळवळ वाढवतात. नैराश्याचं किंवा कुठलंही कायमचं औषध मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही, फक्त डॉक्टरांच्या कानावर घालायचं. आणि संध्याकाळी "थोडी" घ्यायची सवय असेल तर दारूने घसा आणखी सैल पडतो, झोपही तुटक होते.

जाऊबाईंच्या गोळीचं स्पष्ट सांगते: देऊ नका. झोपेच्या पुष्कळ गोळ्यांनी घसा आणखी ढिला पडतो आणि श्वास अडकल्यावर जाग यायला उशीर होतो. पाय झाडतात म्हणून क्लोनाझेपाम ही गुंगीची गोळी लिहून देण्याची आपल्याकडे सवय आहे. ज्याचा श्वास तासाला ३८ वेळा अडकतो त्याच्या बाबतीत तर फारच विचार करायला हवा.

आता तीन वाजता मास्क काढण्याबद्दल. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पायांच्या या हालचाली बहुधा रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात जास्त असतात. श्वास अडकणं मात्र बऱ्याच जणांत पहाटेच्या, स्वप्नं पडण्याच्या झोपेत सर्वांत वाईट असतं, कारण तेव्हा अंगाचे स्नायू पार शिथिल होतात. म्हणजे मास्क असताना तुम्ही त्यांचे पाय बघता आणि "फरक नाही" म्हणता. मास्क निघतो तेव्हा श्वासाची खरी कसोटीची वेळ सुरू होते, आणि ते बघायला तिथं कुणी नसतं.

मग ते मास्क का काढतात ते शोधू. यजमानांना मिशा आहेत का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडच्या पैलवानाला बहुधा असतात. नाकावर बसणाऱ्या मास्कची खालची कड भरघोस मिशांवर नीट बसत नाही, हवा गळते आणि वर डोळ्यांत जाते. मग माणूस पट्टे करकचून आवळतो, नाकाच्या हाडावर वळ उठतो आणि मध्यरात्री सहन होईनासं होतं. मिशा काढायला सांगू नका. नुसत्या नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशांचा मास्क मिळतो, तो मागून घ्या. पट्टा एवढाच आवळायचा की त्याखाली दोन बोटं सहज जावीत. सकाळी तोंडाला कोरड पडत असेल तर रात्री तोंड उघडं राहतंय. त्यासाठी हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क असतो. नाक चोंदत असेल तर झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा स्प्रे मारायचा आणि तरी नाही सुटलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं. जीव गुदमरल्यासारखा होत असेल तर संध्याकाळी टीव्ही बघताना, जागेपणी, अर्धा तास मास्क लावून बसू दे. दाब हळूहळू वाढवण्याची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, ती चालू आहे का ते पुरवठादाराकडून तपासून घ्या.

पावसाळ्यात आणि थंडीत नळीत पाणी साठून गुडगुडतं आणि थेंब तोंडावर येतात. त्यासाठी मशीनमध्ये हवा ओलसर करण्याची जी सोय असते तिचं बाष्प एक टप्पा कमी करा, मशीन पलंगापेक्षा खालच्या पातळीवर ठेवा, नळीवर कापडी खोळ घाला. मशीनच्या पाण्याच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर वापरा, उरलेलं रोज ओतून टाका. मास्क रोज साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, कपड्यांची पावडर नको. वीज जाते म्हणून मशीन बंद पडत असेल तर घरच्या इन्व्हर्टरवर ते चालतं. बाष्पाची सोय बंद ठेवली तर वीज फारच कमी लागते.

आता टेंपो. ताई, इथं मी थोडी कडक बोलते. आंबा घाटात स्टिअरिंगवर डोळा लागणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मशीन रोज पूर्ण रात्र लागून दिवसाची पेंग गेली आहे असं डॉक्टरांनी म्हणेपर्यंत यजमानांनी गाडी चालवू नये, निदान घाटाची आणि रात्रीची खेप दुसऱ्या ड्रायव्हरवर सोपवावी. धंद्याचं नुकसान होईल, मला कल्पना आहे. मधली काही गावं गेलेली आठवत नाहीत, गाडी पट्ट्याबाहेर सरकली, समोरच्याच्या हॉर्नने दचकायला झालं, असं एकदा जरी घडलं असेल तर ते लपवू नये. काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून पेंग जात नाही. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपणं हाच त्या वेळचा उपाय. सोबत क्लीनर असेल तर त्याला स्पष्ट सांगून ठेवा की मालकाचा डोळा लागताना दिसला तर गाडी थांबवायला लावायची, मालक कितीही रागावला तरी.

आता तुमचं.

तुम्ही लिहिलंत की संध्याकाळी टेकलं की पोटऱ्यांत वळवळतं आणि फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. पाय हलवण्याची अनावर ओढ, बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर त्रास, हालचाल केली की आराम, आणि संध्याकाळी-रात्री जोर, या चार गोष्टी जुळल्या आणि पेटके किंवा सांधेदुखी असं दुसरं कारण नसलं, तर त्याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. यजमानांचे पाय झोपेत हलतात, त्यांना पत्ताही नसतो. तुमचा त्रास जागेपणीचा आहे. दोन्हींचं नातं आहे: तुमच्यासारखा त्रास असलेल्या बहुतेकांचे पाय झोपेतही हलतात. पण झोपेत पाय हलणाऱ्या सगळ्यांना जागेपणी वळवळ असतेच असं नाही. यजमानांना संध्याकाळी असं काही होतं का, तेही विचारा. हे मनाचे खेळ नाहीत. १९४५ साली स्वीडनमधल्या कार्ल-अॅक्सेल एकबोम या डॉक्टरांनी या आजाराचं नीट वर्णन करून त्याला हे नाव दिलं. बायकांत तो पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. बऱ्याचदा आईलाही असतो, आणि तिने तो "पाय चावतात" म्हणून काढलेला असतो.

यात पहिली तपासणी लोहाची. नुसतं हिमोग्लोबिन करून थांबू नका, ते चांगलं असलं तरी शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. तो साठा फेरिटिनच्या तपासणीत दिसतो. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही करा, रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती टक्के लोह आहे ते त्यात कळतं. सकाळी उपाशीपोटी रक्त द्या. ताप किंवा अंगात कसली सूज असताना देऊ नका, त्याने फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं. आणि इथं एक गफलत नेहमी होते. लॅबच्या कागदावर २०-२२ फेरिटिनसुद्धा "नॉर्मल"च्या रकान्यात बसतं आणि कागद बाजूला ठेवला जातो. पायांच्या या त्रासात मात्र फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी, किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह देण्याचा विचार करतात. तेव्हा आकडा स्वतः वाचा आणि डॉक्टरांना "पायांसाठी हा पुरेसा आहे का?" असं विचारा.

तपासणीआधी लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, जास्तीचं लोहही घातक असतं. गोळी सुरू झाली की ती चहाबरोबर घेऊ नका, मध्ये तासाभराचं अंतर ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली शोषली जाते. गुळात लोह असतं, पण रिकामा साठा भरेल इतका गूळ कुणी खाऊ नये. मटणातलं लोह भाजीपाल्यातल्यापेक्षा चांगलं लागू पडतं, तेव्हा खात असाल तर रस्सा नुसता ओरपू नका, फोडीही खा. गुण यायला आठवडे जातात. साधारण तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा करायचं. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवा. तिकडून लोह जात असताना नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही.

लोह भरूनही वळवळ राहिली तर औषधं आहेत. पूर्वी मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणाऱ्या प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्या पहिल्यांदा देत. पण त्या वर्षानुवर्षं घेतल्या की काहींचा त्रास उलट वाढतो, संध्याकाळचा दुपारी सुरू होतो, हातांपर्यंत पोचतो. म्हणून अमेरिकेतल्या झोपविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२५ च्या मार्गदर्शिकेत त्या सर्रास वापरू नयेत असं सांगितलं आणि गॅबापेंटिनच्या गटातली औषधं पुढं आणली. त्यांनीही गुंगी येते, आणि श्वासाचा आजार असणाऱ्याला ती जपून द्यावी लागतात. तुम्हाला लिहून दिलेली गोळी यजमानांना देऊन बघायची नाही.

मुलीच्या खोलीत झोपता म्हणून मनाला लावून घेऊ नका. रात्री लाथा खाऊन सकाळी डबे करणाऱ्या बाईलाही झोप हवीच की. फक्त महिनाभर तरी झोपायला जाताना मास्क नीट बसलाय का ते बघा, आणि पहाटे तीनचा गजर मुलीला किंवा तुम्हाला लावून मास्क जागेवर आहे का ते एकदा डोकावून बघा. निघाला असेल तर हळूच पुन्हा लावा. रागावून नको, ते झोपेतच काढत असतील.

डॉक्टरांकडे दोघांची वेळ एकाच दिवशी घ्या. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात गेलात तर छातीविकार विभागात त्यांचं आणि मेडिसिन विभागात तुमचं दाखवता येईल. जाताना पूर्ण रिपोर्ट, मशीनमधलं नोंदींचं कार्ड, मोबाईलवरचं रेकॉर्डिंग आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, सर्दीच्या गोळ्यांसकट. तुमच्या फेरिटिनचा आकडा आला की मला कळवा. किती आला आणि डॉक्टर काय म्हणाले, एवढं लिहिलंत तरी पुरे.